कामावर पडलेल्याने कुणाचे दार ठोठावायचे?

उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यात पावसाने जोर धरला तरी सुपारीच्या बागेतले एक काम थांबवून चालत नाही. शेंड्याखाली धरलेल्या घोसांवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मारावेच लागते, नाहीतर कोळेरोग घोसच्या घोस खाली आणतो. त्यासाठी माणूस चढतो. पावलांत दोराचा फास, सोबत फवारणीची नळी, आणि समोर हाताच्या पंजांत मावेल एवढे जाड, पाण्याने बुळबुळीत झालेले, चाळीस-पन्नास फूट सरळ वर गेलेले खोड. एक झाड झाले की तो खाली उतरत नाही. शेंड्याजवळ अंगाचा झोका देतो, शेजारचे झाड ओढून घेतो आणि वरच्या वर त्यावर जातो. खाली चिखलात उभा असलेला जोडीदार नळी सोडवत, मान वर करून त्याच्याबरोबर सरकत राहतो. उत्तर कन्नडच्या घाटमाथ्यावर घोस उतरवणाऱ्या अशा कसबी माणसांना कन्नडमध्ये 'कोने गौडा' म्हणतात. एका बागेत दोन दिवस, दुसऱ्या बागेत तीन, असे त्यांचे काम चालते. ठरलेला एक मालक नसतो.

हा माणूस पडला तर कुणाला कळवायचे? दवाखान्याचा खर्च कुणी करायचा? घरी बसावे लागलेल्या महिन्यांची मजुरी कुणी द्यायची? आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरा कुणी तसाच पडू नये म्हणून कुणी बघायचे? प्रश्न चार आहेत. काहींना वेगवेगळी कार्यालये आहेत, काहींना कुठलेच नाही. नुकसानभरपाई आणि कामाच्या जागेची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच राष्ट्रीय संस्थेकडे असाव्यात का, हा वाद आपल्याकडे अनेक दशकांचा आहे. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि तो पुन्हा वर आला. या वादाचा आढावा जोयड्याच्या जमिनीवर उभे राहून घेतलेला बरा, कारण दिल्लीतून जे एक दिसते ते इथून पाच-सहा तुकड्यांत दिसते.

एका नदीवर किती निरीक्षक

काळी नदी याच तालुक्यात, डिग्गीच्या बाजूला उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. तिच्या काठाने खाली उतरत गेले की देशाची सुरक्षा-व्यवस्था किती वाटण्यांत विभागली आहे ते कळते.

गणेशगुडीला सुपा धरण आहे. उंची १०१ मीटर, पूर्ण झाले १९८७ मध्ये. धरणात जुने सुपा गाव गेले, माणसे रामनगरला आणि इतरत्र गेली, आणि तालुक्याचे नावही पुढे जोयडा झाले. धरणाच्या पायथ्याचे वीजगृह कारखान्यांच्या कायद्याखाली येते, म्हणजे राज्याच्या कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभागाकडे. तिथल्या विजेच्या उपकरणांची तपासणी विद्युत निरीक्षकाकडे. आणखी खाली, कारवार तालुक्याच्या हद्दीत कैगा अणुवीज केंद्र लागते. तिथे राज्याच्या कारखाना निरीक्षकाला काम नाही. औद्योगिक सुरक्षेची अंमलबजावणीसुद्धा अणुऊर्जा नियामक मंडळ करते. बांधकाम चालू असताना १३ मे १९९४ रोजी तिथल्या एका अणुभट्टीच्या घुमटाचा आतला थर कोसळला आणि १४ कामगार जखमी झाले. चौकशी झाली, आराखडा बदलला, घुमट नव्याने बांधला गेला. तांत्रिक बाजूने हे प्रकरण अभियांत्रिकीच्या वर्गांत आजही अभ्यासले जाते. त्या चौदा जणांचे पुढे काय झाले, किती जण पुन्हा कामाला लागले, हे त्या अभ्यासात येत नाही. ते दुसऱ्या खात्याचे काम.

तालुक्यात एकेकाळी मँगनीजच्या खाणी चालत. खाण म्हटली की राज्य बाजूला होते आणि धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय येते. १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या खाण तपासणी कचेरीचा तो वारसा. कॅसलरॉकहून कुळेकडे उतरणारा रेल्वेचा घाट १८८०च्या दशकात कोरला गेला आणि दुरुस्तीची, दरड काढण्याची कामे तिथे आजही चालतात. तिथल्या ठेकेदाराच्या मजुराचे, कायद्याच्या भाषेतले, 'योग्य सरकार' केंद्राचे. व्याघ्र प्रकल्पातला रोजंदारीवरचा पहारेकरी वनखात्याचा. गणेशगुडीच्या पाण्यात राफ्ट सोडणारा पोरगा, होमस्टेच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई आणि सुपारीवर चढणारा माणूस यांच्याकडे मात्र यातला एकही निरीक्षक ठरवून येत नाही. आस्थापनेत दहा माणसे नसतात, आणि शेतीला तर कारखाना कधीच म्हणत नाहीत.

हे झाले सुरक्षिततेचे. भरपाईचे दार आणखी वेगळे. दांडेलीत कर्मचारी राज्य विम्याचे, म्हणजे ईएसआयचे रुग्णालय आहे. कागद गिरणीच्या गावाला ते असणे साहजिकच. विमाधारक कामगाराला तिथे उपचार मिळतात, आणि जखमी होऊन घरी बसला तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. तिथून तासाभराच्या वाटेवरचा, विम्याबाहेरचा माणूस तशाच मोडक्या पायाने आला तर त्याला भरपाईच्या कायद्याची वाट धरावी लागते. त्या वाटेवर रुग्णालय नाही, दावा आहे.

१८८४ पासूनची वाट

मराठी वाचकाला ही गोष्ट मुंबईपासून सांगता येते. सप्टेंबर १८८४ मध्ये 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांची नावे होती. रविवारची सुट्टी त्यातली सर्वांच्या लक्षात राहिलेली मागणी. पण शेवटची मागणी अशी की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा करून घेतला. तिकडे राज्यकर्त्याने समाजवाद्यांना थोपवण्यासाठी दिले आणि इकडे कामगारांनी स्वतः मागितले. इकडच्यांना मात्र चाळीस वर्षे थांबावे लागले.

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याने एक मोठी गोष्ट केली. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावरून उतरवले. अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झाला एवढे पुरे. पण पैसे देणार कोण? मालक, व्यक्तिशः. त्याने विमा उतरवलेलाच असला पाहिजे अशी सर्वसाधारण सक्ती कायद्यात नव्हती. निकाल कामगाराच्या बाजूने लागला आणि मालकाकडे किंवा ठेकेदाराकडे काही नसले, तर जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची, म्हणजे पुन्हा एक खाते.

या उणिवेवर उत्तर म्हणून विम्याचा विचार आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळत होते त्या काळात, १९४४ मध्ये, बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. १९४५ मध्ये कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराची कचेरीही निघाली. तीच आजची डीजीएफएएसएलआय, मुंबईत शीवला जिचे मुख्यालय आणि केंद्रीय श्रम संस्था आहे. म्हणजे विमा आणि सुरक्षितता यांची बीजे एकाच खात्यात, एकाच सुमारास पडली, पण रोपे दोन वाफ्यांत वाढली. ईएसआयने पैसे गोळा करायचे आणि वाटायचे. शीवच्या संस्थेने शिकवायचे, मोजायचे, सल्ला द्यायचा. दंडाचा अधिकार तिला फक्त मोठ्या बंदरांत. मुरगावच्या धक्क्यावर तिचा निरीक्षक जातो. कारवार बंदर 'लहान' गटातले, तिथे जात नाही.

एकत्र बांधण्याची सर्वात स्पष्ट सूचना १९६९ची आहे. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने सुचवले की नुकसानभरपाईसाठी एक मध्यवर्ती निधी असावा, सर्व मालकांनी मजुरीच्या ठरावीक टक्क्याने त्यात दरमहा भर घालावी, आणि निधी ईएसआय महामंडळाने सांभाळून जखमींना नियमित रक्कम व उपचार द्यावेत. ही सूचना अमलात आली असती तर जोयड्यातल्या ठेकेदाराच्या मजुराला ठेकेदार शोधत हिंडावे लागले नसते. ती कागदावर राहिली.

मग भोपाळची वायुदुर्घटना झाली. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण घालण्यात आले, १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. नियम कडक झाले. पण घराची रचना तीच राहिली.

बाहेर काय आहे

राष्ट्रीय संस्थेचा विषय निघाला की जाणकार आधी स्वित्झर्लंडकडे बोट दाखवतात. लुसर्न शहरातली सुवा ही संस्था १९१८ पासून काम करते आणि तिच्या एकाच छपराखाली तीन कामे चालतात: अपघात टाळणे, विमा देणे, जखमीला पुन्हा उभे करणे. स्वतःची पुनर्वसन रुग्णालये आहेत. कामावरच्या अपघाताचा हप्ता मालक भरतो आणि तो धंद्याच्या धोक्यानुसार ठरतो. ज्या धंद्यात माणसे जास्त पडतात तिथे हप्ता चढा, आणि तो धंदा कुठला हे संस्थेला आपल्याच खतावणीतून कळते. निरीक्षक कुठे पाठवायचा हेही त्यातूनच ठरते. तरीही सुवा सगळ्या देशाची नाही. कार्यालयीन आणि सेवाक्षेत्रातले बरेच कामगार इतर विमा कंपन्यांकडे आहेत.

जर्मनीत धंदेवार विमा मंडळे आहेत, मालक-कामगारांच्या समान प्रतिनिधित्वाने चालणारी. त्यांचे निरीक्षक वेगळे आणि राज्य सरकारांचेही वेगळे. दुहेरी पहारा असूनही ती पद्धत टिकली आहे. ब्रिटनमध्ये १९७४च्या कायद्यानंतर सुरक्षिततेसाठी एक राष्ट्रीय कार्यकारी संस्था उभी राहिली, पण भरपाई सामाजिक विम्याकडे आणि मालकाच्या सक्तीच्या विम्याकडे राहिली. अमेरिकेत १९७०च्या कायद्याने सुरक्षितता संघराज्याने घेतली, भरपाई राज्याराज्यांकडे ठेवली.

न्यूझीलंडचे उदाहरण सर्वात बोलके आहे. तिथे १९७४ पासून अपघात भरपाई महामंडळ आहे. घरात पडा, रस्त्यावर पडा, कामावर पडा, चूक कुणाची हे न विचारता मदत मिळते. बदल्यात इजेसाठी भरपाईचा दावा लावण्याचा हक्क सोडावा लागतो. ही रचना इतकी व्यापक की 'राष्ट्रीय संस्था' म्हटल्यावर तीच डोळ्यांपुढे येते. पण २०१० मध्ये पाइक रिव्हर कोळसा खाणीत २९ माणसे गेली, आणि चौकशीनंतर २०१३ मध्ये त्या देशाने कामाच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र नियामक काढला. भरपाई उत्तम चालत होती. खाणीकडे बघणारे डोळे कमी पडले होते.

कोण काय म्हणते

एकत्रीकरणाच्या बाजूचा मुख्य मुद्दा पैशाचा नसून माहितीचा आहे. जी संस्था भरपाई देते तिला अपघात कुठे, कसा, कुणाला झाला हे रोज कळते. तीच संस्था सुरक्षिततेचे काम करत असेल तर माहिती वाया जात नाही. आपल्याकडे ईएसआयच्या शाखेत बोट तुटलेल्या प्रेस कामगाराचा अर्ज येतो आणि राज्याचा कारखाना निरीक्षक त्याच वस्तीत दुसऱ्याच कारखान्याची नोंदवही तपासत असतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि पुन्हा मे २०२४ मध्ये प्राणघातक स्फोट झाले. दोन्ही वेळा कारखाने, बाष्पके, स्फोटके, प्रदूषण यांपैकी नेमके कुणाच्या कक्षेत काय होते यावर आधी चर्चा झाली. एक संस्था असती तर स्फोट टळला असता असे कुणी छातीठोक म्हणू शकत नाही. जाब एकाच दारात विचारता आला असता, एवढे मात्र खरे.

वेगळे ठेवण्याच्या बाजूनेही वजनदार माणसे बोलतात. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत कामगार कल्याण आणि नुकसानभरपाई आहे, खाणींची सुरक्षितता मात्र संघ सूचीत. ही विभागणी ओलांडणारी केंद्रीय संस्था राज्यांचे अधिकार खाईल ही भीती पोकळ नाही. कैग्यातला विकिरणाचा धोका आणि सुपारीच्या बुळबुळीत खोडाचा धोका यांना एकच निरीक्षक पुरणार नाही, हा दुसरा मुद्दा. तिसरा अधिक खोल आहे: ज्या संस्थेला भरपाई द्यावी लागते तिला अपघात 'कामातला' न ठरवण्यात आर्थिक रस निर्माण होऊ शकतो. पाहणारा आणि पैसे देणारा एक नसावा. न्यूझीलंडचा अनुभव ही मंडळी पुढे करतात.

उद्योजकांच्या संघटनांचे म्हणणे निरीक्षकांभोवती फिरते. नोंदवह्या अनेक, नमुने अनेक, येणारे अधिकारी अनेक, आणि लहान कारखानदाराला त्यात सुरक्षिततेपेक्षा कागदच दिसतो. २०१४ पासून संगणकाने सोडत काढून तपासणी करण्याची पद्धत आली. नव्या संहितेत निरीक्षकाचे नावच 'निरीक्षक नि सुविधाकार' झाले. कामगार संघटना यालाच सर्वात मोठी माघार मानतात. अचानक येऊन दार उघडायला लावण्याची ताकद गेली तर उरते काय, असा त्यांचा सवाल आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली, वीज नसलेल्यांची वीसवरून चाळीसवर, आणि कंत्राटी कामगारांच्या तरतुदींचा उंबरठा वीसवरून पन्नासवर. लहान जागांतच माणसे जास्त मरतात आणि त्याच आता नजरेआड जातात, असे त्या म्हणतात. दोन्ही बाजूंचे ऐकल्यावर एवढे म्हणावे लागते की निरीक्षक कमी त्रासदायक व्हावा ही मागणी रास्त असली, तरी तो कमी दिसावा हे तिचे उत्तर नव्हे.

चौथी बाजू महाराष्ट्रात घडली. १९६९चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आला. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. मालक कोण हे सांगता येत नाही. कायद्याने मालक शोधण्याचा नाद सोडला आणि मधे मंडळ उभे केले: मालक, कामगार आणि सरकार यांचे. काम देणाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी, सुट्ट्या, भविष्य निर्वाह निधी सांभाळायचा, आणि भरपाईचा कायदाही या कामगारांना लागू. बांधकाम मजुरांसाठी १९९६च्या कायद्याने हीच कल्पना देशभर नेली आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून राज्याराज्यांत मंडळे झाली. या बाजूचे लोक म्हणतात की राष्ट्रीय संस्था नको, धंद्याधंद्याची मंडळे हवीत. माथाडी मंडळांवर पुढे आलेल्या तक्रारी, खोट्या नोंदण्या, दादागिरीचे आरोप, हे सारे खरे असले तरी फिरत्या मालकाच्या प्रश्नाला इतके नेमके उत्तर दुसऱ्या कुठल्या कायद्याने दिलेले नाही. बागेबागेतून चढणारा माणूस हमालाचाच भाऊ आहे. नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' ही विमा योजना नारळावर चढणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे असा विचार अगदीच नवा नाही. पण तो विमा आहे. झाडावर चढताना कमरेला पट्टा बांधा असे सांगणारा माणूस त्यातून आपोआप मिळत नाही.

संहितांनी काय केले

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३चा आणि १९४८चा कायदा एका पुस्तकात आणला, पण प्रकरणे वेगळीच ठेवली. विमा महामंडळाकडे, भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे. धोकादायक कामाच्या जागी एक कामगार असला तरी विमा लागू करता येईल, ही तरतूद मोलाची आहे. सुरक्षा संहितेने केंद्रात एक राष्ट्रीय सल्लागार मंडळ ठेवले, राज्यांत राज्य मंडळे. 'राष्ट्रीय' हा शब्द आला खरा, पण त्याच्यापुढे 'सल्लागार' आहे. दंडाच्या किमान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना किंवा जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, ही एक नवी आणि चांगली जोड. गजेंद्रगडकरांचा मध्यवर्ती निधी मात्र याही पुस्तकात नाही.

मोकळे राहिलेले प्रश्न

रकमेपासून सुरुवात करू. १९२३च्या कायद्याचे गणित वाचकाने एकदा करून पाहावे. तीस वर्षांच्या माणसाचा कामावर मृत्यू झाला तर मासिक मजुरीचा अर्धा भाग गुणिले २०७.९८. मजुरी कितीही असली तरी ३ जानेवारी २०२० पासून ती १५ हजारच धरायची. म्हणजे कमाल १५ लाख ५९ हजार ८५०. मे २०१०च्या आधी मर्यादा चार हजार होती, तेव्हा हाच जीव ४ लाख १५ हजार ९६० रुपयांचा होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे परिशिष्ट सांगते. पण दोराला पकड देणारा अंगठा गेलेल्या चढणाऱ्याची क्षमता तीस टक्केच गेली का? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या बाबतीत हे स्पष्ट केले होते. डावा हात कोपराच्या वरून कापलेला सुतार सुतारकामाला पूर्ण निकामी, म्हणून भरपाई शंभर टक्क्यांची. तत्त्व ठरले, पण प्रत्येकाने ते पुन्हा सिद्ध करायचे.

मग वेळ. धाराशिव जिल्ह्यातला साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना रस्त्यावरच्या अपघातात गेला. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला होता. कामावर जाण्याची वाट 'कामाच्या ओघात' येते का, या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात जुलै २०२५ मध्ये कुटुंबाच्या बाजूने लागला. बावीस वर्षे. नव्या संहितेत वाटेवरचा अपघात स्पष्टपणे आला आहे, त्यामुळे पुढच्यांची ही लढाई तरी वाचेल. जोयड्यातून गोव्यातल्या हॉटेलांत आणि बांधकामांवर जाणाऱ्या पोरांसाठी हे महत्त्वाचे आहे. त्यांना एक जुनी तरतूदही माहीत असायला हवी: अपघात गोव्यात झाला तरी दावा स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो.

आजारांचा प्रश्न याहून अवघड. पडलेला माणूस दिसतो, फुफ्फुसात साठलेली धूळ दिसत नाही. मँगनीजची विषबाधा कायद्याच्या आजारांच्या यादीत आहे, पण खाण बंद झाल्यावर, ठेकेदार निघून गेल्यावर, हात थरथरू लागलेला माणूस कुठल्या मालकाचे नाव लिहिणार? दावा दोन वर्षांत करायचा, उशीर झाला तर कारण पटवून द्यायचे. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी धोरण केले आणि मालक न शोधता, प्रमाणपत्रावर सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली. खाणकामगारांसाठी हा मोठा आधार. पण त्यात धूळ करणारा सुटतो, ही टीका तितकीच खरी. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हाही कुटुंबांना मिळाली ती सानुग्रह मदत. फवारणी करणारा मजूर १९२३च्या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी असूनही.

आणि या सगळ्याच्या तळाशी मोजणी आहे. देशातल्या कामावरच्या अपघातांचे जे अधिकृत आकडे निघतात ते नोंदलेल्या कारखान्यांचे, खाणींचे, बंदरांचे. बागेत पडलेला, होमस्टेच्या छपरावरून घसरलेला, घाटात दरड काढताना चेंगरलेला माणूस त्यांत क्वचितच येतो. एकत्रीकरणवादी, राज्यवादी, मंडळवादी, तिघेही इथे एकमत दाखवतात आणि तिघांपैकी कुणीही मोजणीपासून सुरुवात करत नाही, हे या वादातले सर्वात खटकणारे. संस्था एक असो वा दहा, तिला आधी हे कळले पाहिजे की जोयड्यात गेल्या पावसाळ्यात किती जण कामावर पडले.

हे कळण्याचे साधन नव्याने शोधायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत 'झाडावरून पडणे' याला डब्ल्यू १४ हा क्रमांक आहे. त्याच्यापुढे जागेचा आकडा लावता येतो, शेतासाठी ७. आणखी एक आकडा लावता येतो: पडला तेव्हा तो काय करत होता. खेळत होता तर ०, फुरसतीत होता तर १, मोबदल्यासाठी काम करत होता तर २. तालुक्याच्या दवाखान्यात पावसात भिजलेला, मोडक्या मांडीचा माणूस खाटेवर आणला जातो तेव्हा सोबतच्याला विचारायचा प्रश्न एवढाच, की कुणाच्या बागेत चढला होता आणि मजुरी ठरली होती का. उत्तर केसपेपरवर त्याच वेळी लिहिले गेले, तर दोन वर्षांनी दावा लावताना तोच कागद पुरावा होतो.